हिरड्याचा अर्क डीपीपीएचमध्ये उत्तम, पेशींवर मात्र गोंधळ: आधी काय तपासाल?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. हिरड्याच्या ७० टक्के इथेनॉलमधल्या अर्काचा डीपीपीएचचा (परीक्षानळीत मुक्त कण टिपण्याची क्षमता मोजणाऱ्या रंगचाचणीचा) आयसी-५०, म्हणजे निम्मा परिणाम दिसायला लागणारी मात्रा, क जीवनसत्त्वाच्या तोडीस तोड आला. तोच अर्क हेपजी-२ (मानवी यकृताच्या कर्करोगापासून मिळवलेल्या) पेशींना मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम दिला तर २४ तासांत पेशी मेल्या, आणि २५-५० मायक्रोग्रॅमला डीसीएफची (ऑक्सिडाइझ झाला की चमकणाऱ्या डायची) चमक छान उतरली. मग मीडियाची (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणाची) नवी बाटली फोडली आणि सगळं फिरलं: २०० लाही पेशी तग धरतात, आणि नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइड दिलेल्या कंट्रोलचीच चमक नीट चढत नाही. गाईड म्हणतात अर्क खराब झाला, पुन्हा काढा.

अर्क पुन्हा काढायची घाई करू नका. खरी अडचण वेगळी आहे: वेलमध्ये (प्लेटच्या एकेका खळग्यात) अर्क, मीडिया आणि डाय यांचं आपसात जे रसायनशास्त्र चालतं, ते तुम्ही पेशींच्या खात्यावर मांडताय. ते वेगळं काढलं नाही तर दहा वेळा अर्क काढूनही आकडे जुळणार नाहीत.

आधी ती बाटली. दोन्ही बाटल्यांची लेबलं शेजारी ठेवून सोडियम पायरुवेट आहे का ते वाचा. डीएमईएम हा नेहमीचा मीडिया पायरुवेटसह मिळतो आणि त्याशिवायही. ‘सह’ असेल तर ते साधारण १ मिलिमोलर असतं. पायरुवेट पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करून त्याला संपवतं, स्वतः ॲसिटेट होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तुम्ही २०० मायक्रोमोलर पेरॉक्साइड घातलंत आणि मीडियात त्याच्या पाचपट पायरुवेट बसलेलं असेल, तर पेशींपर्यंत पोचणार काय? कंट्रोल न चढण्याचं हे सगळ्यात साधं कारण. आणि २०० मायक्रोग्रॅम अर्काला पेशी का मरत होत्या आणि आता का मरत नाहीत, याचंही उत्तर बहुधा तेच आहे. ते कसं, ते सांगतो.

हिरड्यात चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्लं, कोरिलाजिन, एलॅजिक आम्ल आणि सुटं गॅलिक आम्ल असतं. गॅलिक आम्लासारखी शेजारी-शेजारी तीन हायड्रॉक्सिल असलेली फिनॉलं ७.४ पीएचच्या, हवा लागलेल्या मीडियात आपोआप ऑक्सिडाइझ होतात. त्यात आधी सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे डीपीपीएचमध्ये ज्या गुणामुळे तुमचा अर्क पहिला आला, तो झटकन इलेक्ट्रॉन देण्याचा गुणच मीडियात पेरॉक्साइड बनवतो. मुक्त कणांवर काम करणारे जैवरसायनशास्त्रज्ञ बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमाराला हे दाखवून दिलं, तरी वनस्पतींच्या अर्कांवरचे कितीतरी पेपर अजूनही याकडे काणाडोळा करतात.

अंदाज यावा म्हणून हिशोब करा. समजा अर्कात सुटं गॅलिक आम्ल ३ टक्के आहे. २०० मायक्रोग्रॅममध्ये ते ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ३५ मायक्रोमोलर. शिवाय मोठी टॅनिनं तटस्थ-अल्कधर्मी पाण्यात हळूहळू तुटून त्यात भर घालत राहतात. प्लेट इनक्युबेटरबाहेर रेंगाळली की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि ही अभिक्रिया आणखी वेगात चालते. डोळ्यांनीही दिसतं: पेशी नसलेल्या वेलमध्ये २०० मायक्रोग्रॅम अर्क घालून दोन-तीन तास ठेवा आणि मीडियाच्या मूळ लाल-गुलाबी रंगाशी ताडून पाहा. मळकट तपकिरी झाक आली तर ऑक्सिडेशन चालू आहे.

याची चाचणी स्वस्त आहे. अर्काच्या विषारीपणाचा प्रयोग पायरुवेट नसलेल्या मीडियात तीन प्रकारे लावा: नुसता अर्क, अर्क आणि कॅटालेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम, मिलिलिटरला २०० ते ५०० युनिट), अर्क आणि दहा मिनिटं उकळलेलं कॅटालेज. कॅटालेज पेशीत शिरत नाही, बाहेरच राहतं. त्यामुळे जिवंत कॅटालेजने पेशी वाचल्या आणि उकळलेल्याने नाही वाचल्या, तर मारेकरी मीडियात तयार झालेलं पेरॉक्साइड होतं, हिरड्याची ‘कॅन्सरविरोधी क्रिया’ नव्हे. उकळलेलं लावायचं कारण हे की टॅनिन प्रथिनाला चिकटतं. नुसत्या प्रथिनाच्या हजेरीनेही अर्काचा जोर कमी होऊ शकतो.

आता डीसीएफ. डाय म्हणून घातलेलं डीसीएफएच-डीए पेशीत जातं, एस्टरेज एन्झाइमं त्याचे ॲसिटेट गट कापतात, उरलेलं डीसीएफएच ऑक्सिडाइझ झालं की डीसीएफ बनून चमकतं. इथपर्यंत सगळे लिहितात. पुढचं राहून जातं: डीसीएफएच पेरॉक्साइडशी सरळ जवळजवळ अभिक्रियाच करत नाही. त्याला मधे लोह, सायटोक्रोम-सी किंवा पेरॉक्सिडेज लागतं. म्हणून चमक कमी होण्याला निदान चार अर्थ आहेत. पेरॉक्साइड खरंच कमी झालं असेल. टॅनिनाने लोह धरून ठेवलं असेल. उरलेल्या अर्काने डायचंच ऑक्सिडेशन अडवलं असेल. किंवा अर्काच्या रंगाने ४८५ नॅनोमीटरचा प्रकाश खाल्ला असेल. शेवटची शक्यता पाच मिनिटांत तपासता येते: आधीच ऑक्सिडाइझ झालेलं, विकत मिळणारं डीसीएफ १ मायक्रोमोलर घ्या, त्यात पेशींशिवाय अर्क मिसळा आणि रीडिंग घ्या. इथेच चमक पडली, तर त्या मात्रेचा पेशींमधला आकडा वापरू नका.

२०२२ मध्ये मायकेल मर्फी, हॅलिवेल आणि बऱ्याच जणांनी मिळून ‘नेचर मेटॅबॉलिझम’मध्ये या मोजमापांची मार्गदर्शक सूत्रं दिली आहेत. त्यांचा रोखही हाच आहे: ‘आरओएस’ (ऑक्सिजनची क्रियाशील रूपं) असं मोघम न लिहिता कोणतं रसायन मोजलं ते लिहा, आणि डीसीएफवर एकट्यावर काही उभं करू नका. डीपीपीएच किंवा ओरॅक (तशीच आणखी एक परीक्षानळीतली चाचणी) यांसारख्या आकड्यांबद्दलही तेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक आकड्यांची आपली यादी २०१२ मध्ये काढून घेतली. कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लावता येत नव्हता आणि विक्रेते मात्र ते डब्यांवर छापत होते. डीपीपीएच ठेवा, पण लॉट सारखे आहेत का हे पाहण्यापुरतं.

मग पेशींमध्ये हिरड्याचा काही खरा परिणाम असतो का? असू शकतो, पण तो ‘मुक्त कण टिपणं’ या चित्रात बसत नाही. पेशीत ग्लुटाथायोन हे तिचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट १ ते १० मिलिमोलर असतं, वर कॅटालेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आहेतच. तुमच्या अर्कातलं पॉलिफिनॉल आत पोचून पोचून फार तर काही मायक्रोमोलर होणार. संख्येच्या लढाईत ते कुठेच नाही. ते जे करू शकतं ते असं: त्याच्या ऑक्सिडेशनमधून तयार होणारं क्विनोन, किंवा थोडंसं पेरॉक्साइड, कीप-१ या प्रथिनाच्या सिस्टीनला डिवचतं, त्याने धरून ठेवलेलं एनआरएफ-२ हे जनुकं चालू करणारं प्रथिन मोकळं होऊन केंद्रकात जातं आणि एचओ-१, एनक्यूओ-१, ग्लुटाथायोन बनवणारं जीसीएल अशा संरक्षक एन्झाइमांची जनुकं चालू होतात. संरक्षण पेशी स्वतः उभारते आणि त्याला वेळ लागतो: एनआरएफ-२ काही तासांत केंद्रकात दिसतं, एचओ-१ चा एमआरएनए चार-सहा तासांत, प्रथिन आणि ग्लुटाथायोन साधारण १२ ते २४ तासांत.

हा वेळेचा फरकच तुम्हाला कामाला लावायचा आहे. अर्क आणि पेरॉक्साइड एकत्र देणं बंद करा. तो परीक्षानळीतलाच प्रयोग आहे, फक्त तळाशी पेशी आहेत. त्याऐवजी दोन गट करा. एका गटाला अर्क १ तास, दुसऱ्याला २४ तास. दोन्हींत कोमट पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा धुणं, मग डाय, मग पेरॉक्साइड. एक तासाच्या गटात काही नाही आणि २४ तासांच्या गटात संरक्षण आहे, तर जनुकांच्या वाटेने जाण्यात अर्थ आहे. दोन्हींत सारखंच दिसलं, तर धुऊनही अर्क प्लेटला किंवा पेशींच्या पृष्ठभागाला चिकटून राहिल्याची शंका घ्या. हिरड्याची टॅनिनं प्लास्टिकला चिकटतात. पेशी नसलेल्या वेलला तोच अर्क, तीच धुलाई आणि तोच डाय देऊन ते उघड होतं.

प्लेट लावताना हे सांभाळा. काळ्या भिंतीची, पारदर्शक तळाची ९६ वेलची प्लेट घ्या, वेलला ५०,००० पेशी सोडा, २४ तास बसू द्या. हेपजी-२ गुठळ्या करतात. ट्रिप्सिनने सुट्या केल्यावर २१ गेजच्या सुईतून दोन-तीनदा हलक्या हाताने ओढल्या तर मोजणी खरी येते. कडेच्या वेल्समध्ये पेशी नकोत, पीबीएस भरा, कारण तिथे बाष्पीभवन जास्त होतं. डीसीएफएच-डीए १० मायक्रोमोलर, सीरम आणि फिनॉल रेड नसलेल्या माध्यमात, ३७ अंशांवर ३० मिनिटं, अंधारात. सीरममध्ये एस्टरेज असतात, ते डाय बाहेरच कापून ठेवतात. धुवा, पेरॉक्साइड द्या, दर पाच मिनिटांनी तासभर रीडिंग घ्या आणि वक्राचा उतार वापरा. एकाच वेळेचं रीडिंग दिशाभूल करतं, आणि रीडरचा प्रकाश स्वतःही डाय ऑक्सिडाइझ करतो. म्हणून डाय आहे पण पेरॉक्साइड नाही अशा वेल्स हव्यातच.

पेरॉक्साइडची बाटली हे दुसरं दुखणं. ३० टक्क्यांची बाटली नवी असताना सुमारे ९.८ मोलर असते, पण उघडून महिनोन्‌महिने फ्रिजमध्ये पडलेलीवर विसंबू नका. दर वेळी अंदाजे १० मिलिमोलर द्रावण करून २४० नॅनोमीटरला १ सेंटिमीटरच्या क्वार्ट्‌झ क्युव्हेटमध्ये रीडिंग घ्या. शोषण गुणांक ४३.६ धरला तर अचूक १० मिलिमोलरला ०.४३६ यायला हवं. आणि पेशींची संख्या बदलली की मात्रेचा अर्थ बदलतो, कारण पेशी पेरॉक्साइड खातात: १०,००० पेशींना मारणारी मात्रा ५०,००० पेशी सहज पचवतात. त्यामुळे १०० ते ५०० मायक्रोमोलरच्या दरम्यान स्वतःच्या घनतेला मात्रा एकदा बसवून घ्या (जगण्याच्या चाचणीसाठी निम्म्याच्या आसपास पेशी मराव्यात इतकी) आणि पुढे घनता, पॅसेज (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या), मीडिया काहीही हलवू नका.

पेशी जिवंत आहेत का ते रंगाने दाखवणाऱ्या एमटीटी चाचणीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पेशी ‘जिवंत’ असल्याचा आकडा त्यातूनच आला असेल, म्हणून सांगतो. एमटीटीचा जांभळा फॉर्माझान होतो तो क्षपणाने (इलेक्ट्रॉन मिळाल्याने), आणि हिरड्याचा अर्क उत्तम क्षपणकारक आहे. पेशींशिवाय, नुसत्या अर्काच्या वेलमध्ये एमटीटी घालून तीन-चार तासांनी पाहा. जांभळं झालं तर १२०-१३० टक्के जिवंतपणाचं कोडं तिथेच सुटतं. एमटीटी घालण्याआधी दोनदा धुणं आणि अर्काचा पेशीविरहित ब्लँक वजा करणं हे किमान. पर्याय म्हणून एलडीएच (मेलेल्या पेशींतून बाहेर गळणारं एन्झाइम) मोजणं सुचवतात, पण टॅनिनं एन्झाइमांनाच रोखतात, मग एलडीएच कमी दिसतं आणि पेशी शाबूत वाटतात. चिकटून राहिलेल्या पेशी रंगवणाऱ्या क्रिस्टल व्हायोलेटलाही टॅनिन चिकटवतं, रंगकामात टॅनिन रंगबंधक म्हणून वापरतात ते उगाच नाही. मला विचाराल तर ट्रिपॅन ब्लूने हाताने मोजणी आणि जोडीला फ्लो सायटोमेट्रीवर प्रोपिडियम आयोडाइड (दोन्ही रंग मेलेल्या पेशींतच शिरतात). कंटाळवाणं आहे, पण भरवशाचं.

अर्काबद्दल. इथे बरंच तुमच्या मालावर अवलंबून आहे. बाळहिरडा घेतलात की सुरवारी? जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात उन्हाळ्यात गोळा होणारा बाळहिरडा कोवळा असतो, त्यात आठळी धरलेली नसते. सुरवारी पक्व असतो, आठळी काढून नुसती साल घ्यावी लागते. दोघांत टॅनिनांचं प्रमाण सारखं नसतं, आठळीसकट दळला तर वजनात भर पडते आणि फिनॉल उतरतं. बाजारातून आणलेल्या मालाचा नमुना ओळखीसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम केंद्रात किंवा आघारकर संस्थेत तपासून नोंद क्रमांक घ्या. पेपरला तो लागतोच.

कुटताना लोखंडी खलबत्ता किंवा गंजकं पातं नको. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळं-काळं संयुग होतं, हिरड्याची शाई याच तत्त्वावर होते. पेशींच्या प्रयोगात ते लोह पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवायला मदत करू शकतं. पूड राखाडी-काळपट दिसली तर टाकून द्या. चिनी मातीचा खल किंवा चांगल्या स्टीलचं भांडं वापरा. १० ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉल, अंधारात २४ तास हलवत, गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ अंशांच्या आत, मग लायोफिलाइझ (गोठवून निर्वातात सुकवणं). सुकलेला अर्क हवेतली ओल ओढतो, म्हणून छोट्या कुप्यांत वाटून, सिलिका जेलसोबत उणे २० ला. कुपी एकदा उघडली की परत ठेवू नका.

डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर स्टॉक केलात तर १०० मायक्रोग्रॅमला डीएमएसओ ०.१ टक्का जातं. डीएमएसओ स्वतः हायड्रॉक्सिल रॅडिकल खातं, म्हणून प्रत्येक वेलमध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, ते तंतोतंत सारखं हवं. ‘०.१ टक्क्यापर्यंत’ असं नाही, सारखंच.

गाळणीत बरेच जण फसतात. ०.२२ मायक्रॉनची नायलॉन गाळणी पॉलिफिनॉल धरून ठेवते. गाळण्याआधी आणि नंतर फोलिन-सिओकाल्टो चाचणीने एकूण फिनॉल मोजा (७६५ नॅनोमीटर, गॅलिक आम्लाच्या हिशोबात). मोठी तूट असेल तर जलस्नेही पीटीएफई वापरून पाहा. आणि अर्क १० टक्के सीरमच्या मीडियात मिसळून तासभर ३७ अंशांवर ठेवा, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तपकिरी कण बसलेले दिसले तर टॅनिन-प्रथिनाचा साका आहे. तुम्ही म्हणता तेवढी मात्रा द्रावणात उरलेलीच नाही.

यंत्रणा दाखवायला वेस्टर्न ब्लॉट (ठरावीक प्रथिन शोधण्याची चाचणी) परवडत नसेल तरी अडत नाही. २४ तासांनंतर एकूण ग्लुटाथायोन डीटीएनबी (रंग देणारं रसायन) आणि रिडक्टेजच्या पुनर्चक्री पद्धतीने ४१२ नॅनोमीटरला मोजा. पेशी लगेच ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात फोडायच्या, नाहीतर हातातच ऑक्सिडाइझ होतं. दुसरं, एनक्यूओ-१ ची क्रिया डीसीपीआयपी हा रंग वापरून ६०० नॅनोमीटरला. डायकुमारॉल (एनक्यूओ-१ ला रोखणारं रसायन) घालून जेवढी थांबते तेवढीच एनक्यूओ-१ ची धरा. क्यूपीसीआर (एमआरएनए मोजण्याची सोय) असेल तर एचओ-१ सहा तासांना. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, एनआरएफ-२ चालू करणारं सल्फोराफेन ५ मायक्रोमोलर चांगलं चालतं. पुढे कोणी ब्लॉट करून दिलाच, तर एनआरएफ-२ चा पट्टा गणिताने येणाऱ्या ६८ किलोडाल्टनला न शोधता ९५ ते ११०च्या दरम्यान पाहा. ६८ ला दिसलेला पट्टा बहुधा दुसऱ्याच कशाचा असतो. आणि इथेही प्रत्येक मापाला कॅटालेजची जोडी लावा: कॅटालेजने एचओ-१ ची वाढ नाहीशी झाली, तर ती वाढ मीडियातल्या पेरॉक्साइडने घडवली होती.

एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे ‘एन बरोबर तीन’ नव्हे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी आणि ताजं विरलन केलेला अर्क, असे तीन स्वतंत्र प्रयोग धरा. हेपजी-२ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून (एनसीसीएस) आल्या असल्या तरी तुमच्या लॅबमध्ये किती पॅसेज झाले आणि मायकोप्लाझ्मा (पेशींच्या वाढीत नकळत शिरणारा सूक्ष्म जिवाणू) कधी तपासला, तेही लिहून ठेवा. मायकोप्लाझ्माने एमटीटी आणि रेडॉक्स दोन्ही मोजमापं बिघडतात.

पेशी कोणत्या, हाही प्रश्न आहेच. हिरडा खाल्ला तर त्यातली मोठी टॅनिनं जवळजवळ तशीच्या तशी रक्तात जात नाहीत. आतड्यातले जिवाणू एलॅजिटॅनिनांपासून युरोलिथिनं बनवतात, ती शोषली जातात आणि रक्तात बरीचशी ग्लुकुरोनाइडच्या रूपात फिरतात. शिवाय सगळ्यांच्या पोटात ती सारखी बनत नाहीत. म्हणून यकृताच्या पेशींवर अख्खा अर्क ओतून ‘हिरडा यकृताचं रक्षण करतो’ असा निष्कर्ष टिकत नाही. यकृताबद्दलच बोलायचं असेल तर युरोलिथिन-ए विकत घेऊन काही मायक्रोमोलरला लावा. अख्ख्या अर्कावरच काम करायचं असेल तर जिथे तो खरंच लागतो त्या पेशी घ्या: आतड्यासाठी काको-२, त्वचेवरच्या लेपासाठी हॅकॅट, गुळण्यांसाठी दातांच्या हिरडीच्या पेशी. गाईडना हा बदल जड वाटेल, पण परीक्षकाचा पहिला प्रश्न इथूनच येतो.

थिसिसला थोडेच महिने उरले असतील तर क्रम असा ठेवा: पायरुवेट नसलेला एकच लॉट शेवटपर्यंत पुरेल इतका एकदम मागवा, पेशीविरहित सगळे ब्लँक एका दिवसात उरका, मग कॅटालेजची तीन प्रकारची प्लेट, मग १ तास-२४ तासांची तुलना, आणि त्यात काही निघालं तरच ग्लुटाथायोन-एनक्यूओ-१. कॅटालेजच्या प्लेटचा निकाल लागला की तिन्ही प्रकारांचे जिवंत पेशींचे टक्के, वेलमधली पेशीसंख्या आणि त्या दिवशीचं पेरॉक्साइडचं २४० नॅनोमीटरचं रीडिंग इथे टाका. मात्रा किती ठेवायची ते त्यावरून ठरवता येईल.